दस्तीखालची जबान

आमच्या आप्पांचा उजवा हात त्यांच्या तोंडापेक्षा जास्त बोलायचा. तोंडानं ते दिवसभरात मोजकीच वाक्यं बोलत, आणि त्यातली निम्मी गुरांशी. पण देवणीच्या जनावरांच्या बाजारात त्यांनी खांद्यावरची दस्ती काढून मनगटावर पसरली की भोवतीची माणसं आपोआप गप्प व्हायची. दस्ती म्हणजे आमच्याकडचा खांद्यावर टाकायचा रुमाल. त्याच्याखाली आप्पा आधी विकणाऱ्याचा हात धरायचे, मग घेणाऱ्याचा. कोणतं बोट दाबलं, किती बोटं दाबली, त्यावर भाव चढायचा-उतरायचा. वरून बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसायचं. शेवटी आप्पा समोरच्याची अख्खी मूठ आवळायचे आणि दस्ती झटकून परत खांद्यावर टाकायचे. सौदा पक्का. त्यानंतर कोणी फिरला, तर तो बाजारातून उठलाच म्हणून समजा.

आप्पा दलाल नव्हते. घरची कोरडवाहू शेती आणि दावणीला देवणी जातीच्या गाई, एवढाच संसार. पण घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला, दोघांनाही भरवशाचा असा मधला माणूस लागतो, आणि तसा माणूस म्हणून लोक आप्पांना घरी येऊन घेऊन जायचे. दलालीच्या नावाखाली ते एक कप चहा घ्यायचे. तोही बशीतून, फुर्र करून, आईला लाज वाटेल एवढ्या आवाजात.

'जबान' हा त्यांचा लाडका शब्द. एकदा उदगीरकडच्या एका शेतकऱ्याला त्यांनी घरचा गोऱ्हा द्यायचं कबूल केलं. ठरलेल्या दिवशी तो माणूस आलाच नाही. आठवडे गेले. दुसरी गिऱ्हाइकं दारात येऊन जास्तीचं बोलून गेली. आप्पा आपले गोऱ्ह्याला कडबा घालतायत, अंग चोळतायत. आई वैतागली.

"कागद न्हाई, इसार न्हाई. कशाची वाट बघून राहिलात?"

"जबान दिली हाय. त्याला ठाव हाय, मला ठाव हाय. अजून कोणाला ठाव पायजे?"

शेवटी तो माणूस उगवला. त्याच्या घरात मयत झाली होती. गोऱ्हा दावणीला बघून तो दारातच बसून रडला. तेव्हापासून आईनं या विषयावर तोंड उघडणं सोडून दिलं. मी लहान होते, पण त्या दिवशी आप्पांकडे बघताना छाती फुगल्याचं मला अजून आठवतं. माझ्या बापाचा शब्द म्हणजे शब्द, हे मी शाळेत सगळ्यांना ऐकवायचे.

त्यांची दुसरी सवय याहून अजब होती. गाय विऊ लागली की ते तिच्याजवळ बसायचे, पण तिच्याकडे पाठ करून. चंद्री नावाची आमची पहिलारू गाय भर दुपारी कळा द्यायला लागली, तेव्हा शेजारपाजारचे चार जण गोठ्याच्या दाराशी जमले होते. वासराचे पाय दिसत होते आणि पुढे काही सरकत नव्हतं. एक म्हणाला ओढा, दुसरा म्हणाला दोर आणा. आप्पांनी सगळ्यांना अंगणात काढलं, गव्हाणीला टेकून बसले आणि गाईकडे पाठ केली. मी दाराच्या फटीतून बघत होते.

"आप्पा, बघा ना तिच्याकडं!"

"बघत बसलं की तिला लाज वाटती, माय. तिला ठाव हाय काय करायचं. आपुन फकस्त हितं हाव, एवढं तिला कळलं म्हंजी झालं. घाई करायची न्हाई."

दुपार सरली. आप्पा कानानंच सगळं ऐकत होते. मध्येच एकदा ते "हां, आता" असं म्हणाले, आणि थोड्याच वेळात वासरू भुईवर होतं. त्यांनी वळून बघितलं, तेव्हा चंद्री त्याला चाटत होती. माझ्या लेखी जगातला सगळ्यात धीराचा माणूस त्या दिवशी त्या गव्हाणीला टेकून बसला होता.

हे सगळं एवढ्या पाल्हाळानं सांगतेय, कारण पुढं जे झालं ते याच माणसानं केलं.

मी त्यांची एकुलती एक. शिकले, नांदेडच्या शाळेत नोकरीला लागले, लग्नही तिथंच झालं. दिवस गेले, तसं रीतीप्रमाणं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. सातव्या महिन्यात मी गावी आले ती मनाशी एक गोष्ट पक्की करून. माझ्या शाळेतल्या जवळपास सगळ्या मैत्रिणींचं सीझर झालं होतं. कोणाचं खरोखर गरजेचं होतं, कोणाचं मुहूर्त बघून, कोणाचं असंच. मला माझं मूल माझ्या कळांनी आणायचं होतं. औषध देऊन कळा आणायच्या नाहीत, आडवं पाडून ठेवायचं नाही, हिंडू-फिरू द्यायचं, उकिडवं बसू द्यायचं. आणि पोट कापायची वेळच आली, तर आधी मला विचारायचं. लातूरच्या एका डॉक्टरबाईंनी, सगळं नीट असेल तोवर चालेल, म्हणून मान्यही केलं. लोकांना वाटायचं की हे खूळ मी मोबाइलवरून उचललंय. थोडं उचललं होतंच. पण मुळात ते मी गोठ्याच्या दाराच्या फटीतून उचललं होतं.

आप्पांना सांगितलं तेव्हा ते दाव्याला पीळ देत बसले होते. ऐकून आधी हसले. मग हसू गेलं आणि चेहरा बारीक झाला.

"दवाखान्यात तर जाणार न्हवं?"

"जाणार. सगळी सोय असलेल्या ठिकाणी. पण माझ्या मनाविरुद्ध कोणी कापायचं नाही. तुम्ही बाहेर बसायचं आणि कोणाला घाई करू द्यायची नाही. चंद्रीसारखं."

मी त्यांच्या खांद्यावरची दस्ती ओढली, स्वतःच्या मनगटावर पसरली आणि खाली हात धरला. बाईमाणसानं दस्तीखाली हात घातलेला त्यांनी जन्मात पाहिला नसेल. दारातून आई ओरडली, "काय गं ह्ये थेर!" आप्पांनी इकडंतिकडं बघितलं, हात खाली घातला. त्यांच्या तळव्याला कडब्याचा खरखरीतपणा होता. मी त्यांचं एक बोट दाबलं, म्हणजे मला विचारल्याशिवाय नाही. ते थांबले. मग त्यांनी माझी अख्खी मूठ आवळली. इतकी, की बांगडी रुतली.

"दिली जबान, माय."

त्या दिवसापासून मी निर्धास्त झाले आणि आप्पांची झोप उडाली. बाहेर गावभर सांगत हिंडायचे, "माझ्या पोरीला कापायचं काम न्हाई, देवणीचं दूध पेलेली हाय ती." आणि घरात आले की आईला विचारायचे, "लेकरू फिरून राहिलं न्हवं? इचार बरं तिला." माळेगावच्या खंडोबाला नवस बोलले, गोड सोडलं, देवघरापुढं उगाच उभे राहायला लागले. एकदा जेवताना म्हणाले, "तू कशी बी असली तरी दुसऱ्याची अमानत हायस. सासरच्यानं भरवशानं धाडलं." मी हसण्यावारी नेलं. त्याच दिवसांत ते दोनदा पेंड आणायला म्हणून लातूरला गेले आणि दोन्ही वेळा पेंड न घेता परत आले. "भाव बरोबर न्हवता," म्हणाले. भावात त्यांना कोणी फसवू शकत नाही, हे माहीत असल्यानं मी पुढं विचारलं नाही.

कळा सकाळी सुरू झाल्या. गावच्या जीपनं लातूरला पोचलो. संतोष, म्हणजे माझे यजमान, नांदेडहून निघाले होते. मी वऱ्हांड्यात फेऱ्या मारत होते, आईच्या गळ्यात हात टाकून थांबत होते, पुन्हा चालत होते. दुखत होतं आणि तरी मी खूश होते, हे आज सांगून कोणाला पटायचं नाही. खोलीचं दार उघडलं की बाकावर बसलेले आप्पा दिसायचे. पाठ दाराकडं, तोंड भिंतीकडं, खांद्यावर दस्ती. ती पाठ बघून मला जो धीर यायचा, तो डॉक्टरांच्या कोणत्याही बोलण्यानं आला नसता.

दुपार कलली तशा डॉक्टरबाई आल्या, तपासलं, बाहेर गेल्या. परत आल्या त्या दोन नर्सना घेऊन. "बरंच लांबलंय. आता वाट बघण्यात अर्थ नाही. आत घेऊ." मी विचारलं, बाळाला काही होतंय का? "काळजी करू नका." मी म्हटलं, थोडं थांबता येईल का? "सगळं ठरलंय, वडिलांनी सही केलीय." मला नको म्हणताही आलं नाही, कारण मला कोणी विचारलंच नव्हतं. स्ट्रेचरवरून नेताना बाकाजवळून गेले. मी हाक मारली, "आप्पा!" पाठ वळली नाही.

मुलगी झाली. गोरीपान, चांगल्या वजनाची, रडणारी. सगळे मला नशीबवान म्हणत होते आणि मी होतेच. वाटलं, काहीतरी गंभीर झालं असणार. त्याशिवाय का आप्पा सही करतील? त्यांना किती जड गेलं असेल, म्हणून मलाच त्यांची दया येत होती.

टाके काढायच्या दिवशी डॉक्टरबाई निवांत होत्या. टाके बघता बघता कौतुकानं म्हणाल्या, "वडिलांचा फार जीव आहे हो तुमच्यावर. दोनदा येऊन बसले होते माझ्याकडे. म्हणाले, तिच्या मनासारखं चाललंय असं तिला वाटू द्या, पण जरा लांबलं की वाट बघू नका. आणि तिला काही बोलू नका."

मी विचारलं, "बाळाचे ठोके कमी झाले होते का?"

"नाही, तसं काही नव्हतं. थांबता आलंही असतं. पण घरच्यांचीच इच्छा म्हटल्यावर कशाला जोखीम घ्यायची?"

पेंडीचा भाव मला तेव्हा कळला.

घरी आल्यावर मी ओरडले नाही. ओरडायला पोटात जोर नव्हता. आप्पा बाजेच्या कडेला बसून नातीच्या मुठीत बोट देत होते. मी म्हटलं, "चंद्रीसाठी अख्खी दुपार बसलात. माझ्यासाठी थोडं थांबला असतात तर?"

त्यांना कळलं की मला कळलंय. बोट त्यांनी सोडवून घेतलं नाही.

"चंद्री माझी व्हती, माय. गेली असती तर माझी गेली असती. रडलो असतो, गप बसलो असतो. तुझं तसं न्हाई. तुला काई झालं असतं तर तुझ्या सासरच्याला कोणतं तोंड दाखवलं असतं?"

"आणि मला कोणतं दाखवणार होतात?"

आईच मध्ये पडली, "लेकरू चांगलं, तू चांगली, अजून काय पायजे बाई तुला?" बरोबर होतं तिचं. काय पाहिजे होतं मला? आजही मला माहीत नाही, थांबले असते तर काय झालं असतं. चांगलं झालं असतं, किंवा इतकं वाईट, की मी हे लिहायलाही उरले नसते. आप्पांच्या जागी दुसरा कोणताही बाप असता तर मी समजून घेतलं असतं. पण दुसऱ्या कोणत्याही बापाच्या हाताच्या भरवशावर मी इतकी निर्धास्त झालेच नसते. जीव धोक्यात होता म्हणून त्यांनी शब्द मोडला नव्हता. शब्द देऊन वर्षानुवर्षं तो पाळणाऱ्या माणसानं, आयुष्यात एकदाच आणि तो माझ्यापाशी, मोडायचा हे आधीच ठरवून ठेवलं होतं. आणि मोडल्यावर पाठ करून बसले, मला वाटावं की ते राखण करतायत. उदगीरच्या अनोळखी माणसाला जे मिळालं, ते मला मिळालं नाही. मी अमानत होते ना, गिऱ्हाईक नव्हते.

सव्वा महिना पुरा व्हायच्या आत मी नांदेडला निघून गेले. आईनं कारण विचारलं तर शाळा सांगितली.

मग फोनवरचं नातं उरलं. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, आप्पांचा फोन यायचा. मला वाटायचं, बाजारातूनच करत असतील, दोन सौद्यांच्या मध्ये. आई मधूनमधून सांगायची, गुडघे धरलेत, फारसे हिंडत न्हाईत. मी म्हणायचे, तेल लावा.

दुसऱ्या वेळेला दिवस गेले तेव्हा मी सासरीच राहिले. नांदेडमध्ये मोठ्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की आधीचं सीझर असलं तरी प्रयत्न करून बघता येईल. ऑपरेशनची तयारी ठेवू, पण तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही. हे मला आणि संतोषना ठाऊक होतं. आप्पांना मी सांगितलं की याही वेळेला सीझरच आहे, तारीख ठरलीय, आणि तारीख दिली ती दिवस भरल्यानंतरची. खोटं बोलताना जीभ अडखळली नाही. कोणाकडून शिकले, ते सांगायला नको.

मुलगा झाला. माझ्या कळांनी, माझ्या वेळेनं. मी घरी आले, आणि त्यानंतर, मी दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी, आप्पा उदगीरवरून एसटीनं दारात हजर. हातात स्टीलच्या डब्यात गाईचा चीक, खरवसासाठी. चंद्रीची नात व्याली होती. खांद्यावर दस्ती नव्हती. एसटीत विसरले असतील, असं वाटलं. पाळण्यात मूल बघून ते उंबऱ्यातच थांबले.

"तारीख तर उद्याची म्हणलीस."

"ती तुमच्यासाठी होती, आप्पा."

डबा त्यांनी खाली ठेवला. झाकण नीट बसलंय का ते बघितलं. मग म्हणाले, "कापलं?"

"नाही."

"लई तरास झाला?"

"झाला. मग संपला."

बराच वेळ ते पाळण्याच्या दोरीकडं बघत राहिले. मी वाट बघत होते. एक शब्द, माय चुकलं, एवढाच. तो आला असता तर मी तिथंच विरघळले असते, एवढी मी कच्ची आहे. पण आप्पा म्हणाले, "बरं केलंस न्हाई सांगितलं. मला खबर असती तर मी गेलोच असतो डॉक्टरकडं."

"पुन्हा?"

"हाव. माझ्याच्यानं ऱ्हावलं नसतं."

मूल रडलं, मी पाजायला घेतलं, तसे ते उठून दाराशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून बसले. एरवी कोणताही बाप तसाच बसला असता. मला मात्र ती पाठ बघून आतून पेटल्यासारखं झालं आणि मी कूस बदलली.

गेल्या थंडीत आप्पा गेले. सकाळी गाईला पाणी पाजून आले, पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत. कोणाला धावपळ करायचीही संधी दिली नाही.

दहाव्याला बाजारातली माणसं आली होती. त्यांच्यात रशीदचाचा होते. देवणीच्या बाजारातले जुने व्यापारी, आप्पांच्या हाताखाली त्यांचे कितीतरी सौदे झालेले. माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "ह्याच लेकराच्या येळची गोष्ट न्हवं ती?"

"कोणती गोष्ट?"

चाचा गोंधळले. मला माहीत असणार असंच ते धरून चालले होते. "बेटा, ही जन्मली, त्याच्यानंतरच्या बाजारात मी आप्पांना हात दिला. त्यांनी धरला न्हाई. सगळ्याच्या समोर बोलले, पोरीसंगं दस्तीखाली सौदा केला आन् मी फिरलो. ह्या हातावर आता भरवसा ठेवू नका. दस्ती घडी करून पिशवीत घातली आन् गेले. फिरून बाजारात आलेच न्हाईत. किती येळा बोलवायला आलो आमी. बोलले, फिरलेल्या माणसानं मधी उभं ऱ्हाऊ न्हाई."

मी आईकडं बघितलं. ती चुलीकडं बघत होती. गुडघ्यांचं कारण तिनं शोधून काढलं होतं.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो राग. ज्याच्याशी सौदा मोडला, त्याच्यापुढं जाऊन कबूल व्हायचं असतं. एवढी साधी रीत आप्पांना कोणी शिकवायची? देवणीच्या बाजारातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होतं, चहावाल्याला ठाऊक होतं, गोऱ्हा न्यायला आलेला उदगीरचा तो माणूस जिवंत असेल तर त्यालाही ठाऊक असेल, की आप्पांनी पोरीला दिलेली जबान मोडली आणि त्याची शिक्षा स्वतःच भोगून राहिलेत. अख्ख्या बाजारानं त्यांना माफ केलं, किंवा नाही केलं, जे काय करायचं ते केलं. ज्या एका माणसाचा तो हक्क होता, तिला विचारायचं त्यांनी याही वेळेला टाळलं.

आणि फोन तर ते दर आठवड्याला करत होते. बाजाराच्याच दिवशी, बाजाराच्याच वेळेला. मागं ना गलका, ना गुरांच्या घंटा. माझ्या कधी लक्षातच आलं नाही.

"जेवलीस का, माय?"

"जेवले."

"लेकरं बरी हायत?"

"बरी आहेत."

मग नुसता पलीकडून त्यांचा श्वास ऐकू यायचा. शेवटी तेच विचारायचे, "ठेवू?"

आणि मी म्हणायचे, "ठेवा."